मालक निवडताना : सम्यक आजीविका आणि घराचा वाटा



गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना आटोपली, मंडळी पांगली, आणि एक तरुण जोडपे दाराशी घुटमळत उभे राहिले. मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या घराने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. आता तो अवजड वाहनाचा परवाना काढून ट्रक चालवितो. बायकोच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. तो म्हणाला, "सर, दोन मालकांकडून बोलावणे आहे. एक लाइनची गाडी देतो. पगार-भत्ता मिळून अठ्ठावीस हजार पडतील, पण महिन्यातून चार दिवस घर. दुसऱ्याची गाडी लोकल आहे. एमआयडीसीतून माल उचलायचा, गोदामात टाकायचा, रात्री घरी. तो एकोणीस हजार म्हणतो. कोणाकडे जाऊ ?"

कोणी म्हणेल, हा प्रश्न ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारावयाचा, विहारात कशाला ? माझे म्हणणे असे की, हा प्रश्न विहारातच विचारावयाचा. पूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला जो धम्म दिला, तो गुहेत बसून डोळे मिटण्यासाठी दिलेला नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक अंग आहे. पोट कसे भरावे याचा विचार ज्या धम्माने आपल्या मार्गाच्या आठ अंगांत घेतला, त्या धम्माच्या अनुयायाने आपला मालक निवडताना धम्माला दाराबाहेर उभे करणे बरे नव्हे.

प्रथम मी माझी गोष्ट सांगतो, कारण या प्रश्नात मी कोरा नाही. माझे वडील लाइनवर ड्रायव्हर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझी फी, माझी खोली, माझी पुस्तके, सारे त्यांच्या भत्त्यातून आले. म्हणून "पैसा काय कामाचा" असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. माझी पदवी वडिलांच्या जागरणावर उभी आहे, हे मी रोज फळ्यासमोर उभा राहताना जाणतो.

परंतु दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. धाकटी बहीण तीन वर्षांची असताना तिला ताप चढला. आईने तिला पाठीशी बांधून रात्री तालुक्याचा दवाखाना गाठला. वडील तेव्हा विजयवाड्याला परतीच्या मालासाठी पाच दिवस अडकून पडले होते. मालकाने निरोप पोहोचविला नाही, कारण ड्रायव्हर गाडी टाकून निघून येईल अशी त्याला भीती वाटली. वडील घरी आले ते अकराव्या दिवशी. पोर बरी होऊन अंगणात खेळत होती. दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे तिने पाहिले आणि आत धावत जाऊन आईला सांगितले, "मामा आला." आमच्याकडे येणारा बाप्या माणूस म्हणजे मामाच, एवढेच तिला माहीत. वडील हसले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला आजही आठवते.

आज ते थकून घरी आहेत. पहाटे तीनला उठून बसतात. आम्हा मुलांशी काय बोलावे, ते त्यांना सुचत नाही. आम्हालाही सुचत नाही. माया आहे, पण सवय नाही. सवय ही निवृत्तीनंतर एकरकमी मिळणारी गोष्ट नव्हे, हे ध्यानात असू द्या.

आता भगवान बुद्धांनी गृहस्थाला काय सांगितले ते पाहू. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहपतीचा मुलगा ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. बाप मरताना सांगून गेला म्हणून तो करीत होता. का करतो ते त्याला ठाऊक नव्हते. भगवंतांनी त्याला समजाविले की दिशा म्हणजे माणसे होत. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण. या सहांशी आपले कर्तव्य पाळणे हीच दिशांची पूजा. ड्रायव्हरला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. कोणता रस्ता कोठे जातो ते त्याला झोपेतही कळते. पण त्याच्या गाडीची तोंडे चारी दिशांना फिरतात आणि पश्चिमेची ही घरातली दिशा मात्र राहून जाते.

याच उपदेशात भगवंतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामकऱ्याला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. त्याला अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात त्याची काळजी घ्यावी. चांगलेचुंगले मिळाले तर त्यात त्याला वाटा द्यावा. आणि पाचवे, योग्य वेळी त्याला सुट्टी द्यावी. बंधूंनो, अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. वेतन आणि सुट्टी ही दोन्ही मालकाची कर्तव्ये म्हणून एकाच यादीत आहेत. वेतन दिले म्हणून सुट्टी माफ होत नाही. म्हणून सुट्टी मागताना मान खाली घालू नका.

पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या पुढाकाराने झाली. पुढे १९६१ साली मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, हे त्याने कागदावर आणले. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. दिवसाला आठ तासांचे तत्त्व तिच्यातही आहे. रस्त्यावर ते किती पाळले जाते, हे ड्रायव्हरच्या घरच्यांना मी सांगावयास नको. पण न पाळला गेलेला हक्क हाही हक्कच असतो. ज्याला तो माहीत आहे, तोच मालकासमोर तोंड उघडू शकतो.

आता तराजू हाती घेऊ. हा शब्द मी सहज वापरीत नाही. कोलिय कुळातील दीघजाणु नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला आणि म्हणाला की आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी, आम्हाला उपयोगी पडेल असे सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगीपणा, कमावलेल्याचे रक्षण, सज्जनांची संगत आणि समजीविता, म्हणजे मिळकत व खर्च यांचा तोल. तोल कसा राखावा, तर तराजू धरणाऱ्याने एवढे खाली गेले, एवढे वर गेले हे पाहावे तसा. म्हणून मी त्या मुलाला म्हटले, "आधी कागद-पेन्सिल घे. अठ्ठावीस मोठे की एकोणीस, हे तुझ्या पोरीलाही उद्या कळेल. आपण खरा हिशोब करू."

लाइनच्या गाडीवर सव्वीस दिवस बाहेर. चहा, दोन वेळचे ढाब्यावरचे जेवण, आंघोळ, धरून दिवसाला अडीचशे. झाले साडेसहा हजार. माल कमी भरला, डिझेल जास्त गेले, पोहोचायला उशीर झाला, अशा कापणीचे सरासरी हजार. हाती राहिले साडेवीस हजार. लोकल गाडीवर जेवण घरचे, त्याचे दीड हजार धरले. कामावर जाण्यायेण्याचे पेट्रोल हजार. हाती राहिले साडेसोळा हजार. म्हणजे नऊ हजारांचा जो फरक डोळ्यांपुढे नाचत होता, तो खरा चार हजारांचाच निघाला.

आता तास मोजा. लाइनवर चालविणे, भरणे, उतरविणे, नाक्यावर ताटकळणे मिळून दिवसाला चौदा तास तरी होतात. सव्वीस दिवसांचे ३६४ तास. तासाला पडले सुमारे छप्पन्न रुपये. लोकलला दहा तास धरले तर सव्वीस दिवसांचे २६० तास. तासाला पडले सुमारे त्रेसष्ट रुपये. पगार जिकडे मोठा दिसत होता, तिकडे घामाचा भाव कमी निघाला ! आणि चार हजारांना बाहेरच्या सव्वीस रात्रींनी भागले तर एका रात्रीचे एकशे चोपन्न रुपये. मी पेन्सिल खाली ठेवली. ते दोघे त्या आकड्याकडे पाहत राहिले.

उपासकहो, हे आकडे त्या एका घराचे आहेत. तुमचे वेगळे असतील. कोणाच्या हिशोबात लाइनची गाडी खरोखर दहा हजारांनी वरचढ ठरेल. पण हिशोब केल्यावाचून मोठ्या आकड्यामागे जाणे हे सम्यक दृष्टीचे लक्षण नव्हे.

तीन गोष्टी मात्र तराजूत घालूच नयेत. पहिली, डिझेलची वरकमाई. काही मालक पगार कमी सांगतात आणि डोळा मारून म्हणतात, "बाकीचे तुझे तू पाहून घे." न दिलेले न घेणे हे आपले शील आहे, आणि दिलेल्यावर समाधान मानणे हे त्याच उपदेशात कामकऱ्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. अशा मालकाची ती सवलत नव्हे, ती बेडी आहे. ज्या दिवशी तुम्ही हक्क मागाल त्या दिवशी तो तुम्हाला चोर म्हणेल. दुसरी, मारून टाकलेली झोप. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. "उद्या सकाळी माल पोहोचला तर बक्षीस" असे म्हणणारा मालक तुमच्या झोपेचा सौदा करीत असतो. पेंगत गाडी हाकणाऱ्याला कोणाचा जीव घ्यावयाचा नसतो, पण त्याच्या हातून तो जातो. आणि झोप उडविण्यासाठी गोळी, थकवा घालविण्यासाठी बाटली, हा रस्ता कोठे संपतो ते आपल्या वस्त्यांनी पाहिले आहे. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतली, ती केबिनमध्ये शिथिल होत नाही. तिसरी, मर्यादेबाहेरचा माल. दंड झाला तर कोणाच्या पगारातून कापणार, ते आधी विचारा.

आणि गाडीपुढे लिंबू-मिरची टांगणे, घाटात नारळ फोडणे, हे मालक किंवा सोबती करावयास लावतील. नुकती दीक्षा घेतलेल्या ड्रायव्हरला यात मोठा संकोच होतो. भांडण करू नका. शांतपणे सांगा की मी टायरची हवा पाहतो, ब्रेक तपासतो, पाटे बघतो आणि मगच चावी फिरवितो. लिंबाने ब्रेक लागत नसतो.

मग लाइनची गाडी धरणे हे चूकच काय ? नाही. भगवंतांनी गृहस्थाची जी सुखे अनाथपिंडिकाला सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे. डोक्यावर सावकार किंवा फायनान्सवाला बसलेला असेल, तर घरी मुक्काम करूनही घरात शांती नसते. अशा वेळी काही काळ लांबचा पल्ला पत्करणे हे घरासाठीच असते. परंतु त्याला मुदत हवी. माझ्या वडिलांनीही "दोन वर्षे" म्हणूनच सुरुवात केली होती. ती दोन वर्षे छत्तीस वर्षांनी संपली, कारण भिंतीवर तारीख कोणी लिहिली नव्हती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिशोब झाल्यावर मी त्या मुलाच्या बायकोला विचारले, "ताई, तुमचे काय म्हणणे आहे ?" दोघेही चमकले. तिला कोणी विचारलेच नव्हते.

आपल्याला लहानपणी एक कथा ऐकविली जाते की सिद्धार्थाने मध्यरात्री, झोपलेल्या बायकोमुलाला सोडून, कोणाला न सांगता घर सोडले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ती कथा स्वीकारलेली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात वाद पेटला. युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यापायी देशत्याग पत्करला. तो आईवडिलांशी बोलला, यशोधरेशी बोलला, आणि तिची संमती घेऊन, दिवसाउजेडी गेला. बंधूंनो, आपल्या धम्माचा आरंभच पतिपत्नीच्या एका बोलण्यातून झाला आहे ! मग बाविसाव्या दिवशी येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहावयाची जिला आहे, तिला न विचारता ड्रायव्हर लाइन कशी काय पत्करतो ?

कोणी म्हणतात, बाबासाहेबही लंडनला राहिले, रमाईने घर सांभाळले. खरे आहे. पण ते एका घराच्या चार हजारांसाठी गेले नव्हते. आणि त्याची किंमत रमाईने मोजली. चार अपत्ये त्या दोघांनी गमावली, आणि २७ मे १९३५ रोजी रमाई गेली. आपल्या सुखासाठी नव्हे, तर कोट्यवधींच्या मुक्तीसाठी झालेला तो त्याग होता. त्याचा दाखला देऊन आपण आपल्या बायकोचा शब्द दाबू नये.

त्या ताईने खाली बघत सांगितले, "पैसे पण लागतात सर. बाळंतपणाचे अठ्ठेचाळीस हजार अजून द्यायचे आहेत. माझी सासू रोज त्याचाच घोर करते. एक वर्ष हे लाइनवर जाऊ देत. पण एकच वर्ष. आणि पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी पाठवतो असं मालकानं आधी कबूल करावं." चार हजार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस हजार. मी पेन्सिल हाती घेतली होती, पण हिशोब तिने मनात कधीच पुरा केला होता.

मी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तो निर्णय त्यांचा. मी फक्त मालकाला विचारावयाच्या गोष्टी त्याला लिहून दिल्या. त्या तुमच्याही कामी येतील म्हणून येथे देतो.

पगार महिन्याचा की खेपेचा ? खेपेचा असेल तर माल मिळेपर्यंत उभ्या गाडीचे दिवस कोण भरून देणार ? परतीचा माल आपल्या बाजूचा मिळतो, की गाडी तिकडच्या तिकडेच फिरते ? किती दिवसांनी घर, आणि ते कागदावर लिहून देणार काय ? लांबच्या पल्ल्यावर दुसरा ड्रायव्हर सोबत असतो काय ? घरी कोणी आजारी पडले तर निरोप त्याच दिवशी पोहोचेल काय, आणि गाडी सोडून येण्याची सोय कोण करील ? वीस किंवा अधिक कामगार असतील तर भविष्यनिर्वाह निधी, दहा किंवा अधिक असतील तर राज्य विमा भरतात काय ? लायसनची मूळ प्रत मालकाच्या कपाटात ठेवू नका. मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही, आणि ती फिटू न देण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीचे झाले आहे. त्या गारव्याला भुलून कोणी नवीन गाडी दाखवील. गारवा चांगलाच, पण तो सुट्टीच्या जागी धरू नका. आणि शेवटचे : मालकाच्या ऑफिसात जे कळत नाही, ते फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांना विचारा. त्याहूनही उत्तम म्हणजे त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांना विचारा.

जे बंधू आजही लाइनवर आहेत, त्यांना एक विनंती. घरी जे चार दिवस मिळतात, ते झोपेत आणि पत्त्यांत घालवू नका. पहिला दिवस शरीराचा, तो झोपेला द्या. दुसरा आईबापांचा आणि बायकोचा. तिसरा मुलांच्या शाळेचा. गुरुजींना भेटा, वही उघडून पाहा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. चौथ्या दिवशी सर्वांनी मिळून विहारात या. वर्षावासात ग्रंथवाचन चालते, ते फोनवर मुलीच्या तोंडून ऐका. तिला वाचनाचा सराव होईल, आणि तुमचा आवाज तिच्या ओळखीचा राहील.

उपासिका भगिनींनो, तुम्हालाही सांगावेसे वाटते. दूरच्या नवऱ्याला फोनवर नुसता पैशाचाच हिशोब विचारू नका. झोप झाली का, हेही विचारा. आणि एकोणीस हजारांत घर चालविण्याची पाळी आली, तर शेजारणीच्या अठ्ठावीस हजारांशी तुलना करून त्याचे मन खच्ची करू नका. लग्न-बारशातला डामडौल कमी केला, तर लाइनचे कित्येक महिने वाचतात.

आपल्या आजोबा-पणजोबांना मालक निवडता येत नव्हता. गावकीचे काम जन्माबरोबर येत होते, आणि भाकरी शिळी की ताजी हे विचारण्याचीही सोय नव्हती. आज आपला मुलगा दोन मालकांना समोर ठेवून विचारतो की मी कोणाकडे जाऊ. हा प्रश्न विचारता येणे हेच बाबासाहेबांचे देणे आहे. ते देणे नुसत्या मोठ्या आकड्यावर उधळू नका. बायकोला शेजारी बसवा, हिशोब करा, मुदत घाला, आणि मग गाडीची चावी घ्या.

तो मुलगा गेल्या सोमवारी लाइनवर गेला. त्याच्या घरच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची त्याच महिन्याची तारीख त्या ताईने लाल शाईने लिहून ठेवली आहे. तिच्या कडेवरच्या पोरीने बापाला बाबाच म्हणावे, एवढी माझी मंगलकामना.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम !